चार ओळींचा पॅच आणि अख्खा दिवस

इकडे, या कामावर आल्यापासून स्वतः कोड लिहिण्यापेक्षा दुसऱ्यांचा तपासण्यातच माझा जास्त वेळ जातो. तिकडच्या मित्रांना हे सांगितलं की म्हणतात, 'मग मजा आहे तुझी!' परवाचाच पॅच, म्हणजे तपासायला आलेला बदल, घ्या. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये चारच ओळी बदललेल्या, टेस्ट सगळ्या हिरव्या, आणि वर नोंद: 'डेटा गमावू नये म्हणून सिंक्रोनस रेप्लिकेशन चालू केलं आहे.' म्हणजे मुख्य सर्व्हरवरचा (प्रायमरी) बदल त्याच्या प्रतीकडे (रेप्लिका) गेल्याची पोच येईपर्यंत तो पक्का झाला (कमिट) असं सांगायचं नाही.

सिंक्रोनस कमिट 'ऑन' केलंय, ते मुळातच ऑन असतं. स्लॉटसाठी, म्हणजे रेप्लिका कुठवर आली ते लक्षात ठेवणाऱ्या खुणेसाठी, किती वॉल (बदलांची नोंदवही) राखायचा याला मर्यादा घातलीय, ते उत्तमच. ही सोय २०२० साली १३ व्या आवृत्तीत आली. मर्यादा नसेल तर मेलेल्या रेप्लिकापायी प्रायमरीची डिस्क भरते. खरी गोम उरलेल्या दोन ओळींत.

एकीत सिंक्रोनस स्टँडबायची, म्हणजे ज्यांच्या पोचेसाठी थांबायचं त्यांची, नावं होती, दोन रेप्लिका, मध्ये स्वल्पविराम. वाचणाऱ्याला वाटतं, दोघींकडून पोच आल्याशिवाय कमिट होणार नाही. तसं नाही. अशा यादीत पोच फक्त पहिलीची लागते, दुसरी राखीव. दोघींची हवी तर 'फर्स्ट २' लिहावं लागतं, आणि मग एक जरी पडली तरी लिहिणं ठप्प. कोणतीही एक चालणार असेल तर 'एनी १', जे २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून मिळतं. शिवाय ही नावं रेप्लिका जोडणी करताना स्वतःचं जे नाव (ॲप्लिकेशन नेम) सांगते त्याच्याशी जुळावी लागतात. पॅचमध्ये रेप्लिकाच्या बाजूला हातच लावलेला नव्हता. म्हणजे प्रायमरी अशा कुणाची तरी वाट बघत बसणार, जी त्या नावाने कधी येणारच नाही.

यात एररसुद्धा येत नाही, हे मला सर्वांत वाईट वाटतं. वाचणं चालू, कमिट मात्र लटकलेलं. कंटाळून कुणी क्वेरी रद्द केली तर फक्त इशारा येतो, कारण प्रायमरीवर कमिट झालेलं असतं, पोच तेवढी आलेली नसते. ॲपला वाटतं काम फसलं, ते पुन्हा पाठवतं, आणि एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी होतात.

दुसरी ओळ कनेक्शनची कमाल संख्या १०० वरून ३०० करणारी. दिसायला निरुपद्रवी, पण हा आकडा आधी रेप्लिकावर वाढवायचा असतो आणि मग प्रायमरीवर. कमी करताना उलट. उलटा क्रम झाला की चालू रेप्लिका पूर्वी थेट बंद पडायची. १४ व्या आवृत्तीपासून ती रिप्ले, म्हणजे आलेला वॉल आपल्या डेटावर लागू करणं, थांबवून बसते. वॉल मात्र येत राहतो, डिस्कवर लिहिला जातो, सिंक्रोनस कमिटच्या 'ऑन'ला तेवढी पोच पुरते. म्हणजे नावं जुळलेली असतील तर कमिट सुरळीत, आणि रेप्लिकावरून वाचणाऱ्याला शिळा डेटा. त्याऐवजी 'रिमोट अप्लाय' (बदल लागू झाल्यावरच पोच) असतं तर निदान सगळं अडकून बोंब तरी झाली असती.

पॅच लिहिणारा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. मी कामाला बसतो तेव्हा तो झोपलेला असतो. 'हे पटत नाही' एवढंच लिहिलं तर त्याचा पुढचा प्रश्न येईपर्यंत दिवस वाया. म्हणून शेरा असा लिहायचा की त्याला मला काही विचारावं लागू नये: कोणती रेप्लिका कशी बंद करायची, मग काय दिसेल, त्याऐवजी मी काय लिहिलं असतं. खुर्ची फिरवून 'अरे, जरा बघ ना' म्हणायची सोय इथे नाही. माणूस आपल्याला कितीही सिनियर असो, 'बदल आवश्यक' हे बटण दाबावंच लागतं. त्याचं इथे कुणाला काही वाटत नाही, हे मला आवडतं.

सकाळी उत्तर आलेलं होतं. त्याने 'एनी १' केलं, पॅचचे दोन भाग केले आणि रेप्लिकाचा भाग आधी लावायचा ठरवलं. पण एक रेप्लिका पडल्यावर दुसरीही पडली तर लिहिणं थांबू द्यायचं की पोच न घेता पुढे जायचं, हे काही त्याने लिहिलेलं नाही. ते ठरवणं त्याच्याही हातात नाही, माझ्याही नाही. ज्यांचा डेटा आहे त्या टीमला आता त्या चर्चेत ओढलंय.