चहा दिला, १४:२०

इंग्लंडच्या ए अँड ईमध्ये, म्हणजे आपल्या कॅज्युअल्टीत, नागपूरहून गेलेल्या माझ्यासारख्या नवीन नर्सला घाम फोडतात त्या नोट्स. रक्त, उलट्या, दारू पिऊन आलेले हे सगळं नागपुरात करून झालेलं असतं. नोट्स तशा झालेल्या नसतात. पेशंट किती वाजता आला, सोबत कोण, कातडी कुठे लाल झाली आहे का, पडण्याचा धोका किती, बेल हाताशी दिली का. चहा दिला तर तो लिहायचा, आणि पेशंटनं नको म्हटलं तर 'विचारलं, नको म्हणाले' हे लिहायचं. सगळं चोवीस तासांच्या घड्याळानं. गडबडीत मागाहून लिहिलं, तर मागाहून लिहिलंय अशी नोंद करायची, तसं तिथल्या नर्सिंग कौन्सिलच्या आचारसंहितेतच आहे. सँडविच चीजचं की अंड्याचं एवढंच काय ते सुटतं, आणि पेशंटला ॲलर्जी असेल तर तेही सुटत नाही. ड्यूटी संपते, बस निघून जाते आणि मी आपली टाइप करत बसलेली.

बरं, हे सगळं ज्याच्यासाठी, तो बिचारा कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर! वॉर्डात बेड नाही म्हणून रात्रभर तिथेच. खरं तर चार तासांत पेशंट घरी तरी गेला पाहिजे नाहीतर वॉर्डात, हे तिथलं सरकारी उद्दिष्ट २००४ पासूनचं आहे. म्हातारी बाई दिव्याखाली डोळ्यांवर हात धरून झोपलेली असते, आणि तिच्या रेकॉर्डमध्ये चहाची वेळ मिनिटापर्यंत बरोबर. याच्यावर मी व्हॉट्सॲपवर इतकी कुरकुर केली आहे की मैत्रिणींनी उत्तरं देणं सोडलं.

मेमध्ये घरी आले. (मेमध्ये कोणी नागपूरला येतं का, असं विचारू नका. भाचीचं लग्न होतं.) मोठेबाबा, म्हणजे माझे थोरले काका, भर दुपारी पत्रिका वाटायला स्कूटरनं निघाले. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, सगळा बंदोबस्त. परत आले ते बरळतच. अंग तापलेलं, आणि मला आत्याच्या नावानं हाक मारत होते. उचलून धंतोलीच्या एका हॉस्पिटलात नेलं.

तिथली सिस्टर जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांची असेल. कपाळाला हात लावताच तिनं पंखा वळवला, कपडे सैल केले, ओली चादर टाकली, काखेत गार पट्ट्या ठेवल्या. मोठेबाबांच्या शिरा एरवीही सापडत नाहीत, त्यात पाणी कमी झालेलं. तिनं मनगटाच्या बाजूला दोनदा टिचकी मारली आणि एका फटक्यात सलाईनची सुई आत. आमच्याकडे अशा हाताला अल्ट्रासाउंडचं मशीन मागवतात, मग ते मशीन कुठे आहे ते शोधतात. मला तेव्हा जो अभिमान वाटला तो काय सांगू.

मग मी फाइल बघितली. बघायला नको होती, पण सवय जात नाही. 'जी.सी. फेअर. व्हायटल्स स्टेबल. कॉन्शस, ओरिएंटेड.' म्हणजे तब्येत बरी, नाडी-बीपी ठीक, शुद्धीवर, भान जागेवर. ओरिएंटेड? हा माणूस मला त्याची बहीण समजतोय! इंग्लंडमध्ये पेशंट किती बिघडलाय हे मोजायचा न्यूज-टू नावाचा तक्ता आहे. २०१७ च्या सुधारणेत त्यात नव्यानं आलेला गोंधळलेपणा घातला, आणि त्या एकट्याचे तीन गुण धरतात. तेवढ्यावरही डॉक्टरला तातडीनं बोलवायचं असतं. इथे तो गोंधळ कागदावरच नाही. श्वास मिनिटाला किती, तेही नाही.

मी तोंड उघडणार तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी फाइलकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ मोठीआईला विचारलं. आणि ती सुरू झाली. सकाळी नऊला चहा, पोहे अर्धे टाकले, अकराला निघाले, दीडला आले, तेव्हापासून असं बोलून राहिले, लघवी एकदाच झाली तीही पिवळीजर्द, बीपीची गोळी घेतली, शुगरची नाही. न थांबता, न चुकता. माझ्या मॅनेजरला दाखवावी अशी ती हिस्ट्री होती.

आपल्याकडे हे असंच चालतं. पेशंटची खरी नोंद त्याच्या उशाशी बसलेली असते, डबा घेऊन. सिस्टरला एकटीला अख्खी खोली बघायची, वर फार्मसीची पावती आणायला कुणाला तरी पिटाळायचं. ती लिहिणार कधी? 'इंडियातल्या नर्सेस लिहीत नाहीत' असं तिकडे कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. तुमच्याकडे उशाशी कोणी नसतं म्हणून चहासुद्धा लिहावा लागतो, हे मी एकदा ऐकवणार आहे. कागदावरचे नियम म्हणाल तर आपले कडक आहेत. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटनं मागितलं की रेकॉर्ड ७२ तासांत द्यायचं. इंग्लंडमध्ये महिन्याची मुदत असते.

पण गडचिरोलीहून एकटा आलेला मजूर असला तर? त्याच्या उशाशी कोण? मी नागपुरात नोकरी करत होते तेव्हा असे पेशंट रोज यायचे, आणि त्यांचंही 'जी.सी. फेअर'च असायचं. पौंडांसाठी गेली म्हणणारे नातेवाईक लग्नात भेटलेच. पौंडांसाठी गेलेच, नाही कुठे म्हणते. पण नीट लिहायला वेळ मिळतो, यासाठीही गेले, हे मी त्यांना सांगत बसले नाही. मट्ठा चांगला झाला होता.

मोठेबाबा दुसऱ्या दिवशी घरी आले. पाणी किती प्यायले, लघवी किती झाली, हे दोन दिवस लिहून ठेव म्हणून मी मोठीआईच्या हातात वही दिली. तिनं त्यात केटररचा हिशोब लिहिला. "मी आहे न इथं, वहीले काय विचारतं?" म्हणाली. मी त्याच वहीचं मागचं पान फाडून, त्यावर वेळा टाकून रकाने आखून इंग्लंडला घेऊन आले आहे. रोज रात्री फोनवर विचारून इथूनच भरते. मागाहून लिहिलं, अशी टीप घालून.