वाघावर चढलेला सिंह

"बाबा, पण वाघ हरेल कसा?" दक्षिण मुंबईतल्या नाण्यांच्या प्रदर्शनात शेजारी उभ्या असलेल्या एका मुलाने आज विचारलेला हा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. वडील नुसतेच हसले.

काचेखाली श्रीरंगपट्टणच्या १७९९ मधील विजयाप्रीत्यर्थ ईस्ट इंडिया कंपनीने काढलेले पदक होते. टिपूचे चिन्ह असलेला वाघ खाली पडलेला आणि ब्रिटिश सिंह त्याच्यावर चढलेला. क्युख्लर या कलावंताचे काम इतके सफाईदार आहे की आधी सिंहाच्या आयाळीवरच नजर खिळते, आणि मग लक्षात येते की मागच्या निशाणावर 'ईश्वराचा सिंह विजयी' अशा अर्थाचे जे अरबी ब्रीद आहे, ते टिपू स्वतःच्या शस्त्रांवर मिरवत असे. हरलेल्याचे ब्रीदसुद्धा लुटीत जमा! कल्पकतेला दाद द्यावीशी वाटते, आणि दिल्यावर खटकतेही.

ही पदके हुद्द्याप्रमाणे वाटली गेली: वरिष्ठांना सोन्याची, साध्या शिपायांना कथिलाची. या मोहिमेत मुंबईची फौजही होती आणि तिच्यात देशी शिपाई होते. तो पडलेला वाघ हातात घेताना त्यांच्या मनात काय आले असेल?