तुम्ही विचारलंत म्हणून: कोंबड्या मोकळ्या, मग भाजी उरते कशी?

आमच्याकडे येणारा माणूस पायरी चढायच्या आधीच हे विचारतो. अंगणात नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा हिंडत असतात आणि दहा पावलांवर वांगी, मिरच्या, दोडक्याचा मांडव. "या दिवसभर सोडलेल्याच असतात? मग तुम्हाला भाजी उरते कशी?" गेल्या महिन्यात एका ताईंनी हेच फोन करून पुन्हा विचारलं. त्यांनी हौसेने कोंबड्या आणल्या होत्या आणि आठवड्याच्या आत मेथीचा वाफा साफ झाला होता. फोनवर सगळं सांगून झालं नाही, म्हणून लिहायला बसले.

आमचं घर दापोली तालुक्यात, हर्णै बंदरापासून थोडं आत. मागे चार गुंठ्यांचं परस. खाली जांभा, वर जेमतेम वीतभर माती, आणि पावसाळ्यात ३५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. अशा जागी माती म्हणजे जपून वापरायची वस्तू.

लग्न होऊन आले त्या वर्षी मी वांग्याची चाळीस रोपं लावली होती. बुंध्याशी पाचोळा पसरला, पाणी घातलं आणि आंघोळीला गेले. परत येऊन बघते तर अर्धी रोपं मुळं वर करून पडलेली. मला रडूच आलं. रोपं गोळा करताना मात्र एक गोष्ट लक्षात आली, एकाही पानाला चोच लागलेली नव्हती. वांगं त्यांना खायचंच नव्हतं. मी घातलेल्या ओल्या पाचोळ्याखाली जे वळवळत होतं ते त्यांना हवं होतं.

तुम्हीही एकदा कोंबडीचे पाय नीट बघा. आधी एक पाय मागे ओढते, मग दुसरा, कधी लगेच पुन्हा पहिला. मग दोन पावलं मागे सरते, मान तिरकी करून एका डोळ्याने उकरलेली जागा बघते आणि मग चोच मारते. पिल्लं असलेली कोंबडी तर हे दिवसभर करते, कारण पिल्लांना दाखवायचं असतं. म्हणजे ती खाते थोडं आणि उकरते फार. बागेचं नुकसान चोचीने होतं त्याहून जास्त नखांनी होतं. हे एकदा पटलं की पुढची बरीचशी व्यवस्था आपोआप सुचते.

मी तेव्हा रागाने खुराडं कायमचं लावून घ्यायला निघाले होते. सासूबाई म्हणाल्या, "कोंबडी कशाला कोंडतेस? भाजी कोंड." आणि ज्या डाल्याखाली आम्ही रात्री पिल्लं झाकतो, तेच डालं त्यांनी उचलून उरलेल्या रोपांवर पालथं घातलं. आजही माझी सगळी बाग त्या एका वाक्यावर चालते.

रोपाला राखण लागते ती पहिले तीस-चाळीस दिवस. वांगी, मिरची, भेंडी एकदा गुडघ्याएवढी झाली, बुंधा करंगळीएवढा जाड झाला, की कोंबडी त्यांना उपटू शकत नाही. तरी मुळं उघडी पडू नयेत म्हणून मी प्रत्येक आळ्यात बुंध्याभोवती चिऱ्याचे फुटके तुकडे गोल लावते. घर बांधताना उरलेले तुकडे सगळ्यांच्याच मागे पडलेले असतात. नखं चिऱ्यावर घासली की कोंबडी पुढे जाते. चिऱ्याखाली ओलही टिकते.

वेलांची काळजी त्याहून कमी. दोडका, पडवळ, कारलं मांडवावर चढेपर्यंत जपायचे, नंतर मांडवाखालची सावली कोंबड्यांची. इथे तर त्यांनी यावं म्हणून मी वाट बघते. फळमाशीची अळी फळातून मातीत उतरते आणि तिथे कोश करते. सडकी कारली मी वेचून लांब खड्ड्यात पुरते, गंधसापळेही टांगते, पण मातीत गेलेला कोश शोधून काढायला कोंबडीच हवी. मांडवाखाली त्यांची ये-जा सुरू झाल्यापासून किडकं कारलं मला फार कमी दिसतं.

पालेभाज्यांचं मात्र खरं सांगते, त्या उघड्यावर होत नाहीत. लाल माठ, मेथी, पालक, मुळ्याचा पाला, कोथिंबीर हे सगळं त्यांना आपल्यापेक्षा जास्त आवडतं. हे वाफे पेरणीपासून काढणीपर्यंत जाळ्यात. टोमॅटोही लाल व्हायला लागला की चोच बसते, म्हणून रंग धरताच तोडून घरात पिकवते. मिरचीची पूड टाकली की कोंबड्या येत नाहीत असं मला कितीतरी जणांनी सांगितलं. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना लागतच नाही. माझ्या कोंबड्या पिकलेली लाल मिरची झाडावरून ओढून खातात.

जाळं आम्ही हर्णैहून आणतो, मासेमारीतून बाद झालेलं. काठ्या छातीएवढ्या रोवायच्या आणि वरची कड मुद्दाम सैल सोडायची. गावठी कोंबडी उडते चांगली, पण ती बहुतेक वेळा कुंपणाच्या कडेवर आधी बसते आणि मग आत उतरते. कड लोंबती असली की पाय रोवायला जागा मिळत नाही. पंखाची पिसं कापा असंही काही जण सुचवतात. मी कापत नाही. आमच्याकडे मुंगूस आहे, रानमांजर आहे. मोकळ्या कोंबडीजवळ जीव वाचवायला ते पंखच आहेत.

या जाळ्याने एकदा माझ्या हातून वाईट झालं. पावसाळ्यात सकाळी मेथीपाशी गेले तर खालच्या कडेला एक धामण गुरफटलेली. सुटायच्या धडपडीत दोरा खवल्यांच्या आत रुतला होता. सर्पमित्राला बोलावलं. त्याने तिचं तोंड फडक्याने धरलं आणि नखं कापायच्या छोट्या कात्रीने एकेक दोरा तोडला. अर्धा तास लागला. ती बांबूच्या बेटात शिरेपर्यंत मी श्वास धरून उभी होते. धामण आमची पिल्लं नेते, पण भोपळे पोखरणारे उंदीरही तीच खाते. त्या दिवसापासून जाळं जमिनीला टेकू देत नाही. खाली हातभर झावळ्यांचा झाप, त्याच्यावर जाळं.

कोंबड्यांना धुळीत लोळायला लागतं, त्याशिवाय पिसांतल्या उवा जात नाहीत. तुम्ही जागा दिली नाहीत तर त्या भुसभुशीत वाफ्यातच लोळणार. फणसाखाली मी एक खड्डा ठेवलाय, कोरडी माती आणि चुलीची राख घालून. पावसाळ्यात तोच पडवीलगत पत्र्याखाली. हा खड्डा केल्यापासून मोडलेले वाफे निम्म्याने कमी झाले, त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी जाळ्याच्याही आधी हेच करायला सांगते.

दिवसाचा क्रमही ठरलेला आहे. सकाळी कण्या-कोंडा टाकला की त्या वरच्या काजूंखाली जातात, परसाचं फाटक बंद. साडेचारला फाटक उघडते. तोवर पोट भरलेलं असतं, आणि तिन्हीसांजेला त्या आपल्या आपण खुराड्याकडे वळतात, हाकलावं लागत नाही. तेवढ्या दोन तासांत गोगलगायी, नाकतोडे, पानाखालच्या अळ्या असं बरंच उरकतं. काकडी किंवा कोथिंबीर काढणीला आली असेल तर त्या भागात सोडत नाही. कोंबडीच्या विष्ठेतून साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू पसरतो आणि या गोष्टी आपण कच्च्या खातो. अर्थात फवारणीचं औषध किंवा उंदरांचं विष परसात येतच नाही. ज्याला तेही हवं आणि कोंबड्याही, त्याला मी सरळ नको म्हणते.

खताचंही लोक विचारतात. ताजी विष्ठा झाडाला घालू नका, मुळं जळतात. मी एका उन्हाळ्यात मिरचीला घातली आणि चार दिवसांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या. खुराड्यात भाताचं तूस आणि सुका पाला पसरते, दर पंधरवड्याला काढून खड्ड्यात पाचोळ्याबरोबर थर देते आणि तीन महिने हात लावत नाही. त्यानंतर तीच माती हातात घेतली की रानातल्या पहिल्या पावसासारखा वास येतो.

आणि एक, भाजीशी संबंध नसलेलं. पिल्लं आणाल तर पहिल्याच आठवड्यात लासोटाची, म्हणजे मानमोडी रोगावरची लस द्या. मी एकदा "पुढच्या आठवड्यात" म्हणत राहिले आणि मानमोडीत आमच्या सात कोंबड्या चार दिवसांत गेल्या. मान वाकडी करून गोल फिरणारी ती तपकिरी तलंग मला अजून डोळ्यांसमोर दिसते.

ताईंचा शेवटचा प्रश्न होता, किती ठेवू? आमच्या चार गुंठ्यांत दहा जिवांवर मी जात नाही. एका वर्षी सोळा झाल्या होत्या, तेव्हा ना चिरे कामाला आले ना वेळापत्रक. पावसाच्या तोंडावर परस उघडं बोडकं पडलं आणि पहिल्या दोन सरींत माती लाल होऊन पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला गेली. सुरुवात करायची तर मेमध्ये करा, वाफे रिकामे असतात तेव्हा. सध्या आमच्याकडे तेच चाललंय. मी कुदळीने माती परतते, सगळ्या जणी कुदळीच्या इतक्या जवळ येतात की प्रत्येक घाव जपून घालावा लागतो. हुमणीचे किडे, वाळवी, कोश, काही सुटत नाही. जाळं गुंडाळून पडवीत टांगलंय. पहिला पाऊस होऊन बी पेरेपर्यंत ते खाली काढणार नाही.