टिप्याला फोनवर हाक का मारत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रोज संध्याकाळी मी गावी आईला व्हिडिओ कॉल लावते. शेजारी कोणी बसलेलं असेल आणि पडवीत पसरलेला आमचा कुत्रा टिप्या दिसला, की प्रश्न ठरलेला: "एवढा जीव आहे तुझा त्याच्यावर, मग एक हाक तरी मार की! फोनवर त्याच्याशी कधीच कशी बोलत नाहीस?"

आधी बोलायचे. दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या पुढे आमचं घर. टिप्याला मी बाटलीने दूध पाजून वाढवला आणि तो वर्षाचा झाला तेव्हा नोकरीसाठी मुंबईला आले. आई त्याच्यापुढे फोन धरायची. तो क्षणभर पडद्याकडे बघायचा, मग फोनच्या मागे जाऊन हुंगायचा, मागे कोणी नाही म्हणून परत पुढे यायचा. आम्हा दोघींना हसू यायचं. मला वाटायचं, मी दिसतेय त्याला.

पुढे वाचल्यावर कळलं की पडद्यावरची मी त्याच्या फारशी कामाची नाही. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग नीट दिसतो, लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. आणि माणूस ओळखायचं त्याचं मोठं साधन म्हणजे वास, तो तर फोनमधून येतच नाही. आवाज मात्र येतो. बुडापेस्टच्या इओत्वोस लोरांड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2022 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मालक एकीकडे लपलेला, परका माणूस दुसरीकडे, आणि दोघांनी पाककृती वाचलेल्या, त्याही अगदी सपाट सुरात, त्याचं रेकॉर्डिंग कुत्र्याला ऐकवायचं. बहुतेक वेळा कुत्री आवाजावरून मालकाकडेच गेली. म्हणजे नाव घेऊन हाक मारायचीसुद्धा गरज नाही.

पण मला हे त्याआधीच कळलं होतं, जून 2020 मध्ये. लॉकडाऊनमुळे मार्चपासून मी मुंबईत अडकलेली. 3 जूनला निसर्ग वादळ आलं. आगरातले माड-पोफळी आडवे झाले, पडवीची कौलं उडाली, वीज गेली आणि फोनही बंद. घरचे सुखरूप असल्याचा निरोप गावातल्या एकाकडून आला, पण आवाज ऐकला नव्हता. पाचव्या दिवशी आई फोन घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, चढली. तिथे थोडी रेंज मिळत होती. टिप्या तिच्याबरोबर. चित्र सारखं अडकत होतं, म्हणून कॅमेरा बंद केला आणि नुसतं बोललो. आई रडत होती, मीही. आणि मग मी फोनमधूनच ओरडले, "टिप्या! टिप्या रे!"

"अगो, धावला तो!" आई म्हणाली.

सड्यावरून खाली, पडलेल्या झाडांवरून उड्या मारत तो घरी गेला. आई उतरून येईपर्यंत त्याने ओटी, माजघर, माझी खोली, मागची विहीर सगळं पालथं घातलं होतं. तिथे मी सापडले नाही, तेव्हा पाखाडी, म्हणजे घराकडची पायऱ्यांची वाट, उतरून एसटीच्या थांब्यावर गेला. मी दर वेळी तिथेच उतरते ना. एसटी तर तेव्हा बंदच होती. अंधार पडेपर्यंत तो तिथे बसून होता. शेवटी बाबा जाऊन त्याला घेऊन आले. रात्री भाकरीला तोंड लावलं नाही.

आजोबांकडे एचएमव्हीच्या, म्हणजे 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या, गाण्याच्या तबकड्या होत्या. त्यांच्यावरच्या चित्रातला, कर्ण्यात कान घातलेला तो कुत्रा लहानपणी मला फार आवडायचा. त्याचं नाव निपर, चित्रकार फ्रान्सिस बॅरॉड. चित्रात आधी फोनोग्राफ होता, 1899 मध्ये ग्रामोफोन कंपनीने तो बदलून ग्रामोफोन रंगवून घेतला. पूर्वी मला ते चित्र गोड वाटायचं. आता निपरची ती वाकडी मान बघवत नाही. माणूस शोधतोय तो.

आईला मी हे समजावू शकते: मी गणपतीला येईन, अजून चाळीस दिवस. टिप्याला कसं सांगू? त्याच्या लेखी हाक म्हणजे मी आले. ती हाक खोटी ठरवायचा मला काय अधिकार?

म्हणून आईला इअरफोन घेऊन दिले. सुरुवातीला तिला ती वायर नकोशी वाटली, आता सवय झाली. बोलून झालं की ती न सांगता फोन त्याच्याकडे वळवते आणि आम्ही दोघी गप्प राहतो. तो झोपलेला असतो, पोट खाली-वर होत असतं, कधी माशी हाकलायला कान हलतो. मला तेवढं पुरतं.

गावी जाते तेव्हा रातराणीने सकाळी थांब्यावर उतरते. पाखाडीच्या पायथ्याशी बॅग खाली ठेवते, आणि मग हाक मारते. वर बेडं, आमच्या आवाराचं फाटक, धाडकन वाजतं.