रात्री दोनला लालबाग रिकामं असतं म्हणे!

चुलतभावाने छातीठोकपणे सांगितलं होतं, "अरे दोनला जा, कुत्रं नसतं तिथे." गणपतीचा सहावा दिवस, वर शनिवार. मीही मूर्ख.

चिंचपोकळीला उतरलो तेव्हा साडेबारा झाले होते. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि पाऊल टाकणं तिथेच संपलं, पुढे लोकच ढकलत नेत होते. एरवी लालबाग नाक्यापर्यंतची दहा-बारा मिनिटांची वाट, लागला सव्वा तास. त्यातलं शेवटचं वळण मी जन्मात विसरणार नाही. बांबूंच्या दोन रांगांमध्ये जेमतेम चार माणसं मावतील एवढी जागा. एका बाजूने दर्शनाला निघालेले, दुसऱ्या बाजूने गणेशगल्लीचा गणपती बघून परतणारे, आणि मधोमध फुगेवाला. पुढच्या माणसाच्या खांद्यावरचं पोरगं माझ्या कानात पिपाणी वाजवत होतं. त्यातच माझ्या चपलेचा अंगठा तुटला. वाकून चप्पल उचलायला गेलो तर मागून एक काकू ओरडल्या, "वाकू नका हो, वाकू नका!" बरोबरच होतं त्यांचं. अशा गर्दीत खाली पडलेलं काहीही उचलायचं नाही, मोबाइलसुद्धा नाही. मी उरलेली रात्र एक चप्पल घालून काढली.

म्हणून बूट घाला, तेही नाडीचे नकोत. पाठीवरची सॅक पोटावर घ्या. लहान मुलांना रात्री आणूच नका, आणलंतच तर खिशात फोन नंबरची चिठ्ठी घाला. पाणी कमी प्या, कारण स्वच्छतागृह सापडलं तरी रांग सोडून जाता येत नाही.

आता रांगांबद्दल. लालबागच्या राजाला दोन रांगा असतात: नवसाची, म्हणजे थेट पायांपर्यंत, आणि मुखदर्शनाची, लांबून. पेरू चाळीतला बाजार १९३२ साली बंद पडला, तेव्हा जागेसाठी कोळ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी नवस बोलला आणि १९३४ साली हा गणपती बसला. नवसाची रांग आहे ती तिथपासूनच्या श्रद्धेची. तुमचा नवस नसेल तर त्या रांगेत उभं राहू नका. अख्खा दिवस जातो. मुखदर्शन घ्या, पुढे चला. गणेशगल्लीचा गणपती १९२८ पासूनचा, चिंचपोकळीचा चिंतामणी तर १९२० पासूनचा. मी दोन्ही पाहिले म्हणे. माझ्या फोनमध्ये फोटो आहेत, मला आठवत काही नाही.

चिंचपोकळी आणि करी रोडचे रेल्वेवरचे पूल जुने आहेत. त्यांच्यावर थांबू नका, नाचू नका, असं महापालिका दरवर्षी सांगते. तरी लोक तिथेच सेल्फी काढतात. तुम्ही सरळ उतरा.

पहाटे साडेतीनला भारतमाता सिनेमापाशी एका टॅक्सीवाल्याने दादरचे चारशे मागितले. मीटरने शंभराच्या आत होतं. मी म्हटलं मीटर टाका, तर तो म्हणाला, "साहेब, चप्पल तरी आहे का पायात?" याला उत्तर नव्हतं. करी रोडच्या फलाटावर बसून पहिल्या लोकलची वाट पाहिली. ती चारनंतरच येते, त्यामुळे शेवटची गाडी चुकणार असेल तर सकाळपर्यंतची तयारी ठेवूनच निघा. अनंत चतुर्दशीची रात्र सोडली तर जादा गाड्यांच्या भरवशावर राहू नका.

मंगळवारी सकाळी गिरगावात गेलो होतो, चर्नी रोडला उतरून केशवजी नाईक चाळीत. १८९३ पासूनचा गणपती, लहानशी मूर्ती, निवांत दर्शन. छान होतं.

माझं मत विचाराल तर लालबाग पहिल्या तीन दिवसांत, कामाच्या वारी, सकाळी सातला. नाहीतर जाऊ नका. शनिवार-रविवार तर नावही काढू नका.

परवा भावाला फोन केला आणि विचारलं, "तू शेवटचा कधी गेला होतास रे दोनला?" जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कॉलेजात असताना."