जनगणनेतील गाव आणि सातपुड्यातील पाडे

जिल्हा जनगणना पुस्तिका हाती घेतली की आपली नजर थेट लोकसंख्येच्या रकान्यावर जाते. त्या रकान्याच्या डावीकडे गावाचे नाव आणि सांकेतांक छापलेला असतो, आणि माझ्या मते खरी माहिती तिथूनच सुरू होते. कारण गाव म्हणजे नेमकी कुठपासून कुठपर्यंतची जमीन, हे ठरल्याशिवाय त्यात किती माणसे राहतात हे सांगताच येत नाही.

ग्रामीण भागात जनगणनेचे मूळ एकक महसुली गाव हे आहे, म्हणजे ज्याची मोजणी होऊन हद्द कायम झाली आहे आणि ज्याचे दप्तर तलाठ्याकडे आहे असे गाव. ग्रामपंचायत हे एकक नव्हे. आमच्या खान्देशात गट ग्रामपंचायती पुष्कळ आहेत. दोन-तीन गावे मिळून एकच सरपंच असतो, तरी जनगणनेत ती गावे वेगवेगळीच येतात. उलट, जिथे आज एकही घर नांदत नाही असे बेचिराग गावही यादीत आपली जागा राखून असते.

शहराची व्याख्या याहून गुंतागुंतीची आहे. महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा कटक मंडळ असलेले ठिकाण वैधानिक शहर ठरते. याखेरीज, किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसांची घनता आणि मुख्य काम करणाऱ्या (म्हणजे वर्षातले किमान सहा महिने काम असलेल्या) पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, या तिन्ही कसोट्या एकाच वेळी पुऱ्या करणाऱ्या गावाला जनगणना शहर म्हणतात. भुसावळला लागून असलेले कंडारी हे त्याचे उदाहरण. जनगणना शहरात कारभार ग्रामपंचायतीचाच राहतो, मात्र तिथली माणसे नागरी लोकसंख्येत धरली जातात. देशात अशी शहरे २००१ मध्ये १,३६२ होती, ती २०११ मध्ये ३,८९४ झाली; म्हणून त्या दशकातल्या नागरीकरणाचा बराच मोठा भाग स्थलांतराचा नसून गावांचे वर्गीकरण बदलल्याचा आहे. या कसोटीत फक्त पुरुषांचे काम मोजले जाते, हे मला पटत नाही. आमच्याकडे निंदणी, खुरपणी आणि कापूस वेचणी प्रामुख्याने बायकाच करतात. गाव शेतीवर किती अवलंबून आहे हे ठरवताना त्यांनाच वगळायचे, हा न्याय नव्हे.

जिल्ह्यांच्या हद्दीही स्थिर नसतात. १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पुढे त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. १९९१ मध्ये धुळे जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाखांवर होती, ती २००१ मध्ये १७,०७,९४७ दिसते. नंदुरबारचे १३,११,७०९ लोक त्यात मिळवल्याशिवाय ही तुलना करू नये, हे उघड आहे. पण तालुका आणि गाव पातळीवर असाच फेरफार झालेला असतो तेव्हा तो सहज लक्षात येत नाही. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. त्या गावांची नावे डोंगरातल्या यादीत राहिली आणि माणसे मात्र तळोदा-शहादा भागातल्या वसाहतींत आली. अशा गावांचा आलेख काढणाऱ्याने आधी नकाशा उघडावा.

मला सगळ्यात जास्त खटकते ते पाड्यांचे. सातपुड्यात भिल्ल आणि पावरा लोकांची घरे एका जागी दाटीने नसतात. ज्याचे शेत तिथे त्याचे घर, आणि अशी काही घरे एका उतारावर आली की तो पाडा. एका महसुली गावात असे कितीतरी पाडे असतात, मध्ये नाले आणि टेकड्या असतात. २०११ मध्ये प्रगणक, म्हणजे घरोघरी जाऊन जनगणनेची माहिती घेणारा, म्हणून धडगाव तालुक्यात काम करताना मी नजरी नकाशा (मोजणी न करता पाहून काढलेला) काढला, तेव्हा कागदावर गल्ली किंवा चौक असे काही येतच नव्हते. नाल्याचे वळण, मोठा आंबा, पायवाटेचा फाटा, हातपंप या खुणांवरून घरांचे क्रमांक टाकत जावे लागले. त्या नकाशावर प्रत्येक पाड्याचे नाव मी लिहिले होते. प्रसिद्ध झालेल्या कोष्टकात मात्र गावाची एकच ओळ आहे.

याचा परिणाम सुविधांच्या माहितीत दिसतो. ग्रामनिर्देशिकेत, म्हणजे जनगणना पुस्तिकेतल्या गावनिहाय सुविधांच्या यादीत, शाळा, दवाखाना, बसथांबा गावात आहे की नाही हे लिहितात, आणि नसेल तर तो ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १० किलोमीटरवर की त्याहून लांब एवढे नोंदवतात. मुख्य पाड्यावर शाळा असली की गावासमोर ‘आहे’ अशी नोंद होते. नाल्यापलीकडच्या पाड्यावरचे पोर पावसाळ्यात त्या शाळेपर्यंत पोहोचूच शकत नाही, पण त्याच्या वाट्याला आकड्यांत शाळा आलेली असते, आणि नवी शाळा मागायला गेलेल्या पालकांना हीच नोंद दाखवली जाते.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ रोजी गोठवल्या गेल्या आहेत, त्यामुळे पाड्याला या वेळी महसुली गावाचा दर्जा मिळणार नाही. त्याखालच्या पातळीवर मात्र वाव आहे. एका प्रगणकाकडे येणारा प्रगणन गट साधारण सातशे-आठशे लोकवस्तीचा असतो. त्याची सीमा पाडा मधोमध न तोडता, नाल्याच्या किंवा टेकडीच्या नैसर्गिक रेषेने आखता येते. माहिती मोबाईलवर भरली जाणार आणि इमारतींचे स्थानही नोंदवले जाणार असल्याने पाडानिहाय बेरीज काढणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांनी एकत्र बसून गावातल्या सगळ्या पाड्यांची नावे आणि घरांचा अंदाज लिहून काढावा, आणि चार्ज अधिकारी म्हणून तालुक्यातल्या जनगणनेचे काम पाहणाऱ्या तहसीलदारांकडे ती यादी गट आखण्यापूर्वी द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.