खोली तिथे छोटा अ‍ॅम्प : घरभर गाणी, प्रगती भाग ३

मंडळी, चौथी खोली काल रात्री चालू झाली. हॉल, स्वयंपाकघर, आईबाबांची खोली आणि वरची माझी खोली, चारही ठिकाणी एकच गाणं एकाच वेळी वाजतंय, आणि हॉलमधून स्वयंपाकघरात चालत गेलं तरी तानपुरा तुटत नाही. आत्ता लिहितानाही वाजतंय. गच्ची राहिलीये, त्याचं शेवटी सांगतो.

ज्यांनी आधीचे भाग वाचले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सेटअप. जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून ठेवलाय, त्यावर लिरिऑन म्युझिक सर्व्हर (सगळ्या खोल्यांना गाणी पाठवणारा प्रोग्रॅम), म्हणजे आपला पूर्वीचा लॉजिटेक मीडिया सर्व्हर, २०२४ मध्ये त्याचं नाव बदललं. प्रत्येक खोलीत एक रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू (छोटासा कॉम्प्युटर, पुढे नुसता ‘पाय’), त्याला पीसीएम५१०२ए चिपचा छोटा डॅक (डिजिटल गाण्याचा ऑडिओ सिग्नल करणारा), पुढे टीपीए३११६ चिपचा क्लास डी अ‍ॅम्प बोर्ड (क्लास डी म्हणजे फार वेगानं चालू-बंद होत सिग्नल मोठा करणारा) आणि स्पीकरची जोडी. पायवर पायकोअरप्लेअर ही गाणी वाजवायची सिस्टिम टाकलीये. स्पीकर सोडून एका खोलीला मला साडेचार हजारांच्या आत पडलं, कारण अ‍ॅम्पचे अडॅप्टर सगळे जुन्या लॅपटॉपचे आहेत, १९ व्होल्टचे, ते घरात आणि मित्रांकडे पडूनच होते. बाकी सामान पुण्याला गेलो की बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून आणतो, सांगलीत रेझिस्टर कपॅसिटर मिळतात पण डॅक वगैरे नाही मिळत.

आता मुख्य गोष्ट. या तीन महिन्यांत जेवढे प्रॉब्लेम आले ना, जवळजवळ सगळे काहीतरी सामायिक ठेवल्यामुळे आले. एकच पॉवर सप्लाय, एकच निगेटिव्ह वायर, एकच डबा. प्रत्येक खोलीला तिचं तिचं सगळं वेगळं दिलं तसतसा आवाज साफ होत गेला. म्हणून यावेळी तेच सविस्तर लिहितोय, कोणी सुरुवात करत असेल तर वेळ आणि पैसे वाचतील.

सुरुवातीला माझा प्लॅन उलटा होता. हॉलमधल्या कपाटात चारही अ‍ॅम्प एकत्र ठेवायचे, एक मोठा २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), आणि तिथनं सगळीकडे स्पीकरच्या वायरी न्यायच्या. कागदावर छान दिसतं. पण वरच्या खोलीपर्यंत वायर मोजली तर कोपरे वळणं धरून २२ मीटर, म्हणजे जाऊन येऊन ४४ मीटर तांबं, आणि १ स्क्वेअर एमएम वायर घेतली तर पाऊण ओहमच्या वर रेझिस्टन्स नुसता वायरीचा. ४ ओहमचा स्पीकर असेल तर अ‍ॅम्पमधून निघालेल्या पॉवरचा साधारण सहावा हिस्सा भिंतीतच जिरला. शिवाय अ‍ॅम्पची स्पीकरवरची पकड सुटते, बास सैल वाटतो. २.५ ची वायर ओढायची तर तांब्याचा भाव बघा, त्या पैशात दोन बोर्ड येतात. त्यापेक्षा गाणं वायफायवरून न्यावं आणि अ‍ॅम्प स्पीकरच्या शेजारीच ठेवावा. आता माझी कुठलीच स्पीकर वायर ३ मीटरच्या वर नाही.

त्या एसएमपीएसचं पण सांगतो. या स्वस्त बोर्डांवर २४ व्होल्ट चालेल असं लिहिलेलं असतं, चिप २६ पर्यंत घेते हेही खरं, पण बोर्डावरचे मोठे कपॅसिटर नीट वाचा. माझ्या दोन बोर्डांवर २५ व्होल्टचेच निघाले. एसएमपीएसचा ट्रिमर (व्होल्टेज कमीजास्त करायचा स्क्रू) जरा इकडेतिकडे झाला की संपलं. म्हणून १९ व्होल्ट. त्यात ८ ओहमला चॅनेलमागे २० वॅटच्या आसपास मिळतात आणि घरात ते खरंच भरपूर आहेत, माझे बुकशेल्फ स्पीकर ८७ डीबीचे आहेत, १ वॅटलाच एक मीटरवर ८७ डीबी आवाज होतो, तेवढ्यात आईची हाक ऐकू येत नाही.

हॉलच्या भिंतीत स्पीकरसाठी आधीच कन्सील पाईप होता, त्यात तीनच वायरी. जुन्या अ‍ॅम्पला लेफ्ट राईटची निगेटिव्ह एकच चालायची म्हणून कोणीतरी तशी ओढलेली. मी तशीच जोडली. चालू केलं, अर्धा सेकंद आवाज, मग गप्प. परत चालू, परत गप्प. चिप ठणठणीत होती, ती स्वतःला वाचवत होती. टीपीए३११६ चं आउटपुट ब्रिज्ड असतं, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही टोकांना अ‍ॅम्प ढकलतो, निगेटिव्ह म्हणजे ग्राउंड (सप्लायची शून्य व्होल्टची बाजू) नव्हे. दोन चॅनेलच्या निगेटिव्ह एकत्र केल्या की दोन आउटपुट एकमेकांवर शॉर्ट. त्यामुळे चार स्वतंत्र वायरी लागतातच, आणि त्यातली कुठलीही एक कशाच्याही बॉडीला किंवा ग्राउंडला लागता कामा नये. नशीब की प्रोटेक्शन चिपमध्येच आहे. आता चौथी वायर पाईपमधून ओढून घेतली, त्यात एक अख्खा रविवार गेला, जुन्या वायरीला नवीन बांधून आतून सरकवायची आणि बाबा दुसऱ्या टोकाला टॉर्च घेऊन उभे.

मग आवाजातली ती चिर्र. ज्यांनी पाय आणि अ‍ॅम्प एकाच सप्लायवर चालवलाय त्यांना माहीत असेल. मी १९ व्होल्टमधूनच बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारा बोर्ड) लावून पायला ५ व्होल्ट देत होतो, एका खोलीला एकच अडॅप्टर, दिसायला नीटनेटकं. पण गाणं बंद असलं की बारीक चिर्र चिर्र यायची, आणि पाय वायफायवर काही करायला लागला की तिचा सूर बदलायचा. कारण असं की पायचा करंट आणि ऑडिओचं ग्राउंड एकाच तांब्यातून परत येतं, लूप होतो आणि पायचा सगळा कचरा अ‍ॅम्पच्या इनपुटला दिसतो. आधी गाडीच्या स्टिरिओला लावतात तो छोटा ग्राउंड लूप आयसोलेटर लावून बघितला. चिर्र गेली, पण बासही गेला, आतला ट्रान्सफॉर्मर एवढासा असतो की खालच्या सुरांना त्याचा कोअर पुरत नाही. तबल्यातला डग्गा अगदी पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा. काढून टाकला. शेवटी उपाय साधा निघाला, पायला मोबाईलचा जुना ५ व्होल्टचा चार्जर वेगळा, अ‍ॅम्पला १९ व्होल्ट वेगळा. दोन प्लग लागतात पण शांतता मिळते. रात्री स्पीकरला कान लावून बघितलं तेव्हा फक्त हलकी हिस्स होती.

ती हिस्स पण कमी होते बरं का. या अ‍ॅम्प चिपचा गेन (सिग्नल किती पट मोठा करायचा ते) २०, २६, ३२, ३६ डीबी यापैकी एक असतो आणि तो गेनच्या पिनवरचे रेझिस्टर ठरवतात. बरेच बोर्ड वरच्या गेनवर सेट करून येतात, मोबाईलच्या बारीक सिग्नललाही मोठा आवाज यावा म्हणून. आपला पीसीएम५१०२ए फुल आवाजाला २.१ व्होल्ट देतो, त्याला २० डीबी म्हणजे दहापट गेनसुद्धा जास्तच होतो. माझ्या खोलीतल्या बोर्डाचा गेन मी २० वर आणला, वरचा रेझिस्टर काढून टाकायचा आणि ग्राउंडकडचा ५.६ के करायचा. एसएमडी (बोर्डावर थेट डाग दिलेला बारीकसा भाग) आहे, भिंग आणि बारीक बिट लागतं, पण हात थरथरत नसेल तर दहा मिनिटांचं काम. आता रात्री दोनला पण स्पीकर चालू आहे का बंद ते कळत नाही. बाकी तीन खोल्यांचे बोर्ड या महिन्यात करणार.

स्टीलच्या डब्याचं प्रकरण. बाबा रोज ट्रान्झिस्टर ऐकतात, मिडियम वेव्ह. त्यांच्या खोलीत अ‍ॅम्प चालू केला की ट्रान्झिस्टरवर नुसती खरखर. हा क्लास डीचा स्वभाव आहे, ही चिप ४०० किलोहर्ट्झपासून १.२ मेगाहर्ट्झपर्यंत कुठेतरी स्विच होते आणि मिडियम वेव्ह बरोबर त्याच पट्ट्यात. बाबा काही बोलले नाहीत, ट्रान्झिस्टर उचलून व्हरांड्यात जाऊन बसले, ते बघून मला फार वाईट वाटलं. माझ्या छंदापायी त्यांचं रोजचं सुटायला नको. मग आईकडून एक जुना पोळ्यांचा डबा मागून घेतला, त्याला भोकं पाडून अ‍ॅम्प आत बसवला, डबा सप्लायच्या ग्राउंडला जोडला, स्पीकरच्या वायरींना पीळ देऊन त्या आखूड केल्या आणि डब्यातून बाहेर पडताना फेराईटची रिंग (रेडिओतली खरखर अडवणारी) घातली. आता ट्रान्झिस्टर दीड मीटरवर ठेवला तरी स्टेशन स्वच्छ लागतं. फक्त पहिल्यांदा मी पाय पण त्याच डब्यात घातला होता आणि वायफाय गायब, स्टीलमध्ये वायफाय कसं जाणार. पाय आता बाहेर, लाकडी पट्टीवर.

सिंकबद्दल, म्हणजे सगळ्या खोल्यांत गाणं एकाच वेळी कसं ठेवायचं, ते दोन जणांनी विचारलं होतं. ब्लूटूथ स्पीकरनी हे होत नाही, मी करून बघितलंय, त्यात सहज दीड-दोनशे मिलिसेकंद उशीर होतो आणि प्रत्येक स्पीकरचा वेगळा, दोन खोल्यांच्या मधे उभं राहिलं की देवळाच्या सभामंडपासारखा घुमारा. लिरिऑन प्लेअर जुळवून ठेवतं, पण डॅक वेगवेगळे असतील तर थोडा फरक राहतो. माझ्या स्वयंपाकघरात आधी यूएसबी डॅक होता. मोजायला मी असं केलं: एक साधी टक-टक फाईल दोन्ही खोल्यांत लावली, एकीकडे डावा चॅनेल एकीकडे उजवा, फोन दाराच्या उंबऱ्यावर दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर ठेवून रेकॉर्ड केलं, आणि ऑडॅसिटी या आवाजाची लहर दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडलं. दोन टोकं ३८ मिलिसेकंद लांब दिसली. सेटिंगमध्ये त्या प्लेअरचा डिले टाकला, परत मोजलं, ३ वर आलं. ३ मिलिसेकंद म्हणजे आवाजाला एक मीटर चालायला लागतो तेवढा वेळ, त्याच्या खाली जाऊन उपयोग नाही कारण आपण स्वतःच घरात त्याहून जास्त हलतो. आता चारही ठिकाणी एकाच प्रकारचा डॅक आहे म्हणून डिले टाकायचीही गरज उरली नाही. शक्य असेल तर सगळीकडे सारखंच सामान घ्या.

लाईट जाण्याचं पण. आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातनं दोनतीनदा जाते आणि आधीच्या सिस्टिमवर माझी दोन एसडी कार्डं खराब झाली. पायकोअरप्लेअर सगळं रॅममध्ये उचलून चालतं, कार्डावर सारखं लिहीत बसत नाही, त्यामुळे सरळ मेन स्विच पाडला तरी काही होत नाही. जूनपासून एकही कार्ड गेलं नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे आईची नॉब. तिला फोनवरचं अ‍ॅप नको होतं, बरोबरच आहे, पोळ्या लाटताना पिठाच्या हातानं फोन कोण धरणार. म्हणून पायच्या पिनांना रोटरी एन्कोडर (फिरवायचं आणि दाबायचं बटण) जोडला, पायकोअरप्लेअरमध्ये त्यासाठी एसबीपीडी नावाचं एक्स्टेन्शन आहे. फिरवलं की आवाज कमीजास्त, दाबलं की बंद. पण एन्कोडरचा दांडा बारीक, त्यावर येणारी प्लॅस्टिकची टोपी एवढीशी, ओल्या हातातून निसटायची. मग माळ्यावर आजोबांचा मेलेला व्हॉल्व्ह रेडिओ होता, त्याची ट्यूनिंगची मोठी नॉब काढली, आतलं भोक मोठं होतं म्हणून दांड्याला तांब्याची पट्टी गुंडाळून घट्ट बसवली. ओट्याच्या वर, मिसळणाच्या डब्याच्या बाजूला ती आता आहे. कडेच्या खाचांत पीठ बसलेलं असतं. सकाळी साडेसहाला मी वरच्या खोलीत झोपलेलो असतो आणि खालून भैरवचा आलाप हळूहळू चढत जातो, तेव्हा कळतं की कुकर लागला, कारण कुकरच्या शिट्टीवर ती आवाज वाढवते.

वीज मोजली, एका खोलीचं सगळं मिळून नुसतं चालू असताना साडेचार वॅटच्या आसपास. चार खोल्यांचे १८ वॅट, चोवीस तास तसंच ठेवलं तर महिन्याला १३ युनिट. फार नाहीत पण फुकट का घालवायचे. पायवर गाणी वाजवणाऱ्या स्क्वीझलाईट प्रोग्रॅमला गाणं थांबलं की एक पिन बदलायला सांगता येतं, त्यावर रिले (विजेनं चालणारा स्विच) लावून अ‍ॅम्पचा १९ व्होल्ट तोडतोय. काम करतं, फक्त चालू होताना स्पीकरमध्ये थप्प असा आवाज येतो. त्यामुळे रिले काढून थेट चिपच्या शटडाऊन पिनवर यायचं ठरवलंय. कोणी या पिनला पायच्या ३.३ व्होल्टवर चालवलं असेल तर बोर्डावरचा पुलअप (पिन सप्लायकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) आधी काढलात का ते जरूर सांगा, माझ्या बोर्डावर तो थेट सप्लायला बांधलाय आणि १९ व्होल्ट पायच्या पिनवर यायला नकोत.

एका आजोबा वाचकांनी ट्रायपाथ कंपनीच्या टीए२०२४ या जुन्या अ‍ॅम्प चिपची आठवण काढली होती. त्याच चिपवरचा सोनिक इम्पॅक्टचा तो टी-अ‍ॅम्प, आठ पेन्सिल सेलवर चालणारा, त्यानेच मला पहिल्यांदा वाटायला लावलं की एवढ्याशा डब्यातून खरं संगीत येऊ शकतं. ट्रायपाथ २००७ साली बुडाली पण आपण आज जे करतोय त्याची वाट तिनेच दाखवली असं मी मानतो.

गच्चीचं असं आहे की जिन्याची भिंत दगडी आहे आणि झीरो २ डब्ल्यूला फक्त २.४ गिगाहर्ट्झ वायफाय, वर जाईपर्यंत सिग्नल मरतो. गाणं दर चारपाच मिनिटांनी अडकतं आणि सिंकमध्ये असलेल्या बाकीच्या खोल्यांनाही अडकवतं. म्हणून केबलवाल्याकडून लॅनची वायर आणलीये, २५ मीटर, पाण्याच्या टाकीच्या पाईपाला धरून वर न्यायची. पाऊस उघडला की शनिवारी चढतो.